पूल संपलाय की अडकलाय? /२४ चं /२२ करण्याआधी हे बघा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं: पुण्यातल्या कंपनीचं स्वतःचं छोटं डेटा सेंटर, १२ रॅक, डेव्हलपमेंट आणि टेस्टिंगच्या व्हीएमसाठी (व्हर्च्युअल मशिन, म्हणजे सॉफ्टवेअरमधला कॉम्प्युटर) १०.२०.३७.०/२४ हा एकच सबनेट (नेटवर्कचा तुकडा; /२४ म्हणजे २५६ अ‍ॅड्रेस, /२३ म्हणजे ५१२, /२२ म्हणजे १०२४), त्यात विंडोज डीएचसीपीवर (मशिनला आपोआप आयपी अ‍ॅड्रेस वाटणारी सेवा) २०० अ‍ॅड्रेसचा स्कोप, म्हणजे वाटायचा पूल, आणि गेले तीन आठवडे दुपारनंतर नवीन व्हीएमला आयपीच मिळत नाही. चालू व्हीएम मोजल्या तर ७०-७५ च निघतात. मॅनेजर म्हणतायत /२२ करून टाका, शेजारची टीम म्हणतेय नेटबॉक्स (अ‍ॅड्रेसची नोंद ठेवणारं टूल) टाका, आणि एक्सेल शीटवरचा तुमचा स्वतःचाच विश्वास उडालाय. वर शेवटच्या ओळीत हळूच लिहिलंय की पब्लिकचा, म्हणजे इंटरनेटवर दिसणाऱ्या अ‍ॅड्रेसचा, /२४ पण संपत आलाय.

मी नेटवर्कमध्येच आहे, बरीच वर्षं नवी मुंबईत महापे-ऐरोली पट्ट्यातल्या डेटा सेंटरमध्ये काढली, त्यामुळे हे चित्र ओळखीचं आहे. तुम्ही विचारलंय की पूल मोठा कसा करायचा. माझ्या मते तुमचा पूल लहान नाहीये, त्यात गेलेले अ‍ॅड्रेस परत येत नाहीयेत. हे दोन वेगळे आजार आहेत आणि औषधं पण वेगळी. मोठा पूल दिला तर तोही भरेल, फक्त थोडा उशिरा.

आधी आकडे मांडू. ७० व्हीएम चालू, २०० जागा भरलेल्या, मग उरलेले १३० कोण? विंडोज डीएचसीपीत तुम्ही काही बदललं नसेल तर लीज, म्हणजे अ‍ॅड्रेस भाड्याने दिल्याची मुदत, आठ दिवसांची असते. ऑफिसमधल्या डेस्कटॉपसाठी ते ठीक होतं, टेस्टिंगच्या व्हीएमसाठी नाही. घरातून निघताना आपण निदान 'येतो' तरी म्हणतो, डिलीट केलेली व्हीएम तेवढंही म्हणत नाही, थेट गायब होते, आणि डीएचसीपी सर्व्हर बिचारा आठ दिवस तिची खोली राखून ठेवतो. रोज १६ व्हीएम बनवून उडवल्या तरी १६ गुणिले ८ म्हणजे १२८ मेलेल्या लीज. झाले की तुमचे १३०. सकाळी काही जुन्या लीज सुटलेल्या असतात म्हणून पहिल्या काही व्हीएमना आयपी मिळतो आणि दुपारपर्यंत तेवढ्या संपतात, तुम्ही सांगितलेल्या दुपारच्या लक्षणाशी हे बरोबर जुळतंय.

यात अजून एक छुपी गळती असते ती बघा. तुम्ही व्हीएम पीएक्सई बूटने (नेटवर्कवरूनच चालू करून) इन्स्टॉल करत असाल तर पीएक्सईचा फर्मवेअर स्वतःची एक क्लायंट आयडी देतो, आणि ऑपरेटिंग सिस्टिम चढल्यावर ती दुसरीच आयडी देते. मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा नंबर) तोच, पण सर्व्हरला ती दोन वेगळी माणसं वाटतात, एका व्हीएममागे दोन लीज. लीजच्या यादीत एकच मॅक दोनदा दिसतोय का ते तपासा. उलटंही होतं बरं का, उबंटूचं टेम्प्लेट क्लोन करताना मशीन आयडीची फाइल रिकामी केली नाही तर सगळे क्लोन एकच आयडी सांगतात आणि दोन व्हीएम एकाच आयपीवर भांडत बसतात, मॅक वेगळे असूनही. हा प्रकार पहिल्यांदा बघितला तेव्हा मी अर्धा दिवस स्विचला दोष देत होते.

आणि यादीत 'बॅड अ‍ॅड्रेस' नावाच्या नोंदी आहेत का? असतील तर कोणीतरी स्कोपच्या आतलाच आयपी हाताने कायमचा (स्टॅटिक) टाकलाय, डीएचसीपीने तो दुसऱ्याला द्यायचा प्रयत्न केला, टक्कर लक्षात आली आणि तो अ‍ॅड्रेस बाद केला. ५-१० असतील तर शोधून काढा, ३०-४० असतील तर तुमच्याकडे लोक डीएचसीपीवर भरवसा ठेवत नाहीत असं समजा, तो वेगळा विषय.

मग करायचं काय, तर या स्कोपची लीज आठ तासांवर आणा. एक तास का नाही, असं कोणीतरी विचारेलच. क्लायंट अर्धी लीज संपली की रिन्यू करायला जातो, म्हणजे आठ तासांच्या लीजमध्ये चौथ्या तासाला. त्याच वेळेला डीएचसीपी सर्व्हर बंद पडला तर तुमच्या हातात कमीत कमी चार तास आहेत. लीज एक तासाची केली तर तीस मिनिटं, तेवढ्यात तर माणूस कळव्याहून महाप्याला पण पोचत नाही. त्यामुळे लीज किती छोटी ठेवायची हे तुमचा सर्व्हर किती वेळात उठवता येतो त्यावर अवलंबून आहे, आणि विंडोज सर्व्हर २०१२ पासून डीएचसीपी फेलओव्हर (एक सर्व्हर पडला की दुसरा काम घेतो) मिळतो तो लावलेला नसेल तर आधी तो लावा मग लीज कमी करा. आणि सेटिंग बदलल्या बदलल्या जादू होणार नाही, जुन्या लीज जुन्याच मुदतीवर चालतात, जिवंत व्हीएम चारेक दिवसांत रिन्यू होताना नव्या मुदतीवर येतील, मेलेल्यांना आठ दिवस लागतील. घाई असेल तर हायपरव्हायजरची (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) व्हीएम यादी आणि लीजची यादी शेजारी ठेवून जे मॅक जगात उरलेच नाहीत त्यांच्या लीज हाताने काढा. फक्त पिंग करून (मशिनला हाक मारून उत्तर येतं का बघून) काढू नका, त्यावर पुढे येतेच.

आता /२२ बद्दल. मॅनेजरना वाटतंय की मास्क (सबनेट केवढा ते सांगणारा आकडा) बदलला की झालं. पण १०.२०.३७.० पासून /२२ सुरूच होत नाही. /२२ ची सीमा चारच्या पटीत पडते, म्हणजे तुमचा /२२ होणार १०.२०.३६.० ते १०.२०.३९.२५५. मग तिसरा आकडा ३६, ३८ आणि ३९ असलेल्या तुकड्यांमध्ये आत्ता कोण बसलंय? तुमच्या शीटमध्ये ३८ समोर 'बॅकअप' असं लिहिलंय म्हणता, म्हणजे बॅकअपचं नेटवर्क गिळल्याशिवाय /२२ होत नाही. /२३ करायचा झाला तर ३६ आणि ३७ एकत्र येतात, ३६ खरंच रिकामा असेल तर ते शक्य आहे.

तेही करताना सगळ्या मशिनवर एकाच वेळी मास्क बदलणं जमत नाही, आणि मधल्या काळात जे होतं ते फार चिवट असतं. जुन्या /२४ मास्कची मशिन ३७.५० वर आहे, नवीन मास्कची ३६.२० वर आहे. नवी म्हणते तू माझ्याच सबनेटमध्ये, थेट पाकीट पाठवते. जुनी म्हणते तू बाहेरची, उत्तर गेटवेकडे (सबनेटबाहेर जायचं दार) पाठवते. गेटवे साधा राउटर असेल तर तो निमूट परत फिरवून देतो आणि कोणाला कळतही नाही, पण गेटवे फायरवॉल असेल तर त्याला संभाषणाची एकच बाजू दिसते आणि तो कनेक्शन पाडतो. पिंग चालतं, एसएसएच (दूरून लॉगिन) चालत नाही, आणि टिकेटमध्ये लिहून येतं 'नेटवर्क स्लो'. डीएचसीपीवरच्या व्हीएमचा मास्क आपोआप बदलेल, त्रास देतात ते स्टॅटिकवाले. म्हणून मी स्वतः जुना सबनेट ताणत नाही, शेजारी नवीन व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं केलेलं नेटवर्क) आणि नवीन सबनेट काढते, नवीन व्हीएम तिकडे बनवते आणि जुना आपोआप रिकामा होऊ देते. टेस्टिंगच्या व्हीएमचं आयुष्यच चार दिवसांचं, मग स्थलांतराचा त्रास कशाला घ्यायचा.

इथपर्यंत तुमची आजची आग विझेल. पण एक्सेलवर विश्वास नाही म्हणालात ना, खरं दुखणं तिथे आहे.

एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसं आयपीचं असतं. शीटमध्ये 'रिझर्व्ह्ड' लिहिलेल्या पन्नास ओळी म्हणजे पन्नास रुमाल, माणूस कधीच दुसऱ्या गाडीने गेला. आणि उलट, जी सीट रिकामी दिसते तिचा माणूस फक्त चहा प्यायला उतरलेला असतो. पिंगला उत्तर आलं नाही म्हणजे अ‍ॅड्रेस फ्री, हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात महागडं गृहीतक आहे. आमच्याकडे एका मुलाने असंच पिंग करून एक आयपी नवीन अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरला दिला. तो आयपी खरं म्हणजे अकाउंट्सच्या एका जुन्या मशिनचा होता जी वर्षाअखेरीच्या कामांपुरतीच चालू करायचे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कोणीतरी ती चालू केली आणि रात्री दोनला दोन्ही मशिन एकाच आयपीवर. गेटवेच्या एआरपी टेबलमध्ये (कुठला आयपी कुठल्या मॅकचा याची नोंद) दर काही सेकंदांनी मॅक बदलतोय, दोन्हीकडचे लोक म्हणतायत आमचं मधेमधे चालतं मधेमधे बंद पडतं. ऐन ३१ मार्चच्या तोंडावर! त्या मुलाची चूक तशी काही नव्हती, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की बघायचं कुठे.

म्हणून कुठला अ‍ॅड्रेस वापरात आहे हे ठरवायला मी तीन साक्षीदार घेते. पहिला गेटवेचा एआरपी टेबल, स्क्रिप्टने दर तासाला उचलायचा आणि तारखेसकट साठवायचा. मशिन पिंगला उत्तर देत नसली, फायरवॉलने आयसीएमपी (पिंगचा प्रोटोकॉल) बंद केलं असलं, तरी गेटवेतून बोलली की एआरपीत दिसतेच. सिस्कोच्या आयओएसवर एआरपीची नोंद डीफॉल्टने चार तास राहते त्यामुळे तासाला एकदा पुरतं, दुसऱ्या बॉक्सवर नोंद लवकर उडत असेल तर वेळ कमी करा. दुसरा साक्षीदार हायपरव्हायजरची यादी, बंद असलेल्या व्हीएम धरून. बंद व्हीएम म्हणजे मेलेली व्हीएम नव्हे! तिसरा डीएनएस, म्हणजे नावावरून आयपी सांगणारी नोंद. तिन्हीकडे नाव नाही आणि 'शेवटचं दिसलं' ही तारीख ४० दिवसांपूर्वीची आहे, म्हणजे एक महिनाअखेर नक्की उलटून गेली, तरच तो अ‍ॅड्रेस संशयित. अकाउंट्स, पगार, टॅक्स असल्या कामाच्या सबनेटमध्ये मी तेवढ्यावर पण थांबत नाही, एक ३१ मार्च जाऊ देते. तुमच्या डेव्ह-टेस्टला एवढं सोवळं पाळायची गरज नाही, तिथे दोन आठवडे पुष्कळ झाले.

संशयित म्हणजे लगेच फ्री नाही. आधी मालकाला मेल, उत्तर येत नाही हे धरूनच चालायचं, मग नेटवर्क कार्ड डिस्कनेक्ट, व्हीएम डिलीट नाही. पंधरा दिवस कोणी ओरडलं नाही तर त्या आयपीचा माग पुसायचा: डीएनएस, रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव), मॉनिटरिंग, बॅकअपचे जॉब, लोड बॅलन्सरचा (काम अनेक सर्व्हरमध्ये वाटणारं यंत्र) पूल, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फायरवॉलचे रूल. हे शेवटचं लोक हमखास विसरतात. एका ठिकाणी जुना रिपोर्टिंग सर्व्हर बंद केला, त्याचा आयपी सहा महिन्यांनी बाहेरच्या व्हेंडरच्या टेस्ट व्हीएमला गेला, आणि फायरवॉलवर त्या आयपीला प्रॉडक्शन डेटाबेसच्या १५२१ पोर्टपर्यंत रस्ता तसाच उघडा होता. कोणी गैरफायदा घेतला नाही, ऑडिटमध्ये सापडलं, पण त्या मीटिंगमधले चेहरे मला अजून आठवतात. तेव्हापासून आमच्याकडे अ‍ॅड्रेसला चार अवस्था आहेत, राखीव, वापरात, विश्रांती, मोकळा, आणि विश्रांतीत महिनाभर काढल्याशिवाय आणि फायरवॉल टीमने टिकेटवर हो म्हटल्याशिवाय कुठलाच अ‍ॅड्रेस मोकळ्यात जात नाही.

मालकाच्या रकान्यात माणसाचं नाव लिहू नका. तो माणूस नोकरी सोडतो, नाव राहतं. टीमचं नाव आणि टीमचा ग्रुप मेल लिहा, सोबत टिकेट नंबर आणि पुन्हा तपासायची तारीख. राखीव ठेवलेल्यांना तर मुदत हवीच, ३० दिवसांत वापरला नाही तर रुमाल उचलला.

रचना कशी असावी हे मात्र सगळ्यांना एकच उत्तर देता येत नाही. तुमच्यासारखी १२ रॅकची एक साइट असेल तर १०.२०.०.०/१६ पूर्ण त्या साइटला आणि पुढच्या साइटला १०.२१, एवढी उधळपट्टी परवडते, १०.०.०.०/८ मध्ये १ कोटी ६७ लाखांवर अ‍ॅड्रेस आहेत. त्या /१६ चे तुकडे मी खात्यांप्रमाणे कधीच पाडत नाही, कारण खाती दर दीड वर्षाने फुटतात आणि जुळतात. कामाप्रमाणे पाडते. समजा ०.०/२०, म्हणजे १०.२०.०.०/२०, नेटवर्कच्या स्वतःच्या कामाला, १६.०/२० प्रॉडक्शन, ३२.०/२० डेव्ह आणि टेस्ट, ४८.०/२० स्टोरेज आणि बॅकअप, आणि ६४ ते १२७ सरळ रिकामं. असं असलं की 'टेस्टने प्रॉडक्शनला हात लावायचा नाही' ही फायरवॉलवर एक ओळ होते, १०.२०.३२.०/२० कडून १०.२०.१६.०/२० कडे बंद, बास. तुमच्याकडे बॅकअप ३८ मध्ये आहे म्हणजे टेस्टच्या ब्लॉकच्या मधोमध बॅकअप बसलंय, आणि तुमचे फायरवॉल रूल ४०० च्या वर गेलेत त्याचं निम्मं कारण हेच असणार. आज लगेच हलवू नका, पण नवीन बॅकअप सर्व्हर घ्याल तेव्हा ४८ मध्ये टाका.

व्हीलॅन नंबर आणि तिसरा आकडा सारखा ठेवायची सवय पुष्कळांना असते, व्हीलॅन १२० म्हणजे १०.२०.१२०.०. दिसायला छान, पण व्हीलॅन ४०९४ पर्यंत जातो आणि तिसरा आकडा २५५ ला संपतो. शिवाय त्यामुळे प्रत्येक व्हीलॅनला /२४ च द्यायचा असा नियमच बनून जातो, चार मशिनला पण /२४ आणि चारशेला पण.

सर्व्हर दूरून सांभाळायच्या मॅनेजमेंट पोर्टला, म्हणजे आयलो, आयड्रॅक जे काही असेल ते, लोक कमी जागा देतात. १२ रॅक, रॅकला २० सर्व्हर धरले तर २४० अ‍ॅड्रेस तिथेच गेले, वर पीडीयू (रॅकचं वीजवाटप), स्विच, केव्हीएम (एकाच कीबोर्ड-स्क्रीनवरून अनेक सर्व्हर बघायचा बॉक्स), आणि गेटवेला व्हीआरआरपीचे (दोन राउटर मिळून एक गेटवे) तीन. /२४ मध्ये २५४ च असतात, पहिल्याच दिवशी /२३ द्या. उलट स्विच-स्विचमधल्या लिंकवर लोक उधळतात. दोन स्पाइन (मधले स्विच) आणि २४ लीफ (रॅकमधले स्विच), प्रत्येक लीफ दोन्ही स्पाइनला, म्हणजे ४८ लिंक, चार-चारचा /३० लावला तर १९२ अ‍ॅड्रेस, दोन-दोनचा /३१ लावला तर ९६. /३१ चा आरएफसी (इंटरनेटचा मानक दस्तऐवज) डिसेंबर २००० चा आहे तरी मला अजून लोक भेटतात ज्यांना वाटतं की ते चालत नाही. चालतं. प्रायव्हेट अ‍ॅड्रेस असल्यामुळे वाचवायची फार गरज नाही हे खरं, पण दोनच जागा असल्या की तिसरं काही चुकून जोडलं जात नाही, मला तो फायदा जास्त आवडतो.

कंटेनर (एकाच मशिनवर वेगळे डबे करून अ‍ॅप चालवणं; डॉकर, कुबरनेटिस ही त्याची टूल) वापरत असाल किंवा वापरणार असाल तर पुढचं जरूर वाचा, नाहीतर सोडून द्या. डॉकर टाकला की तो न विचारता १७२.१७.०.०/१६ घेतो. एका ऑफिसात चौथ्या मजल्याच्या लॅपटॉपचं नेटवर्क नेमकं १७२.१७ मध्ये होतं. डॉकरच्या सर्व्हरला चौथ्या मजल्याकडून विनंती यायची आणि उत्तर द्यायची वेळ आली की सर्व्हर म्हणायचा, १७२.१७ तर माझ्या घरातच आहे, आणि पाकीट डॉकरच्या ब्रिजवर टाकून मोकळा. बाकी सगळ्या मजल्यांना चालतंय, फक्त चौथ्याला नाही. तीन दिवस केबल बदलत होते लोक. डॉकरची रेंज डीमनच्या कॉन्फिगमध्ये बदलता येते, टेम्प्लेटमध्येच बदलून ठेवा. कुबरनेटिसमध्ये तर नेहमीच्या सेटिंगला प्रत्येक नोडला (क्लस्टरमधलं मशिन) पॉडसाठी (कंटेनरचा गट) /२४ जातो, एका नोडवर पॉड ११० च्या वर नसले तरी. म्हणजे पॉडला /१६ दिला तर २५६ नोडनंतर क्लस्टर थांबला. क्यूबएडीएम (कुबरनेटिस उभारायचं टूल) सर्व्हिससाठी १०.९६.०.०/१२ धरतो, म्हणजे १०.९६ पासून १०.१११ पर्यंत, त्यात तुमची एखादी साइट येत नाही ना ते बघा. पॉडसाठी १००.६४.०.०/१० वापरणारे पण खूप आहेत, मी पण वापरलंय, पण टेलस्केलसारखं एखादं व्हीपीएन (इंटरनेटवरून खासगी जोडणी) ऑफिसात असेल तर ते पण तिथूनच अ‍ॅड्रेस देतं, हे आधी तपासा. आणि हे सगळे ब्लॉक मुख्य रजिस्टरमध्ये लिहा, 'ते काय क्लस्टरच्या आत असतंय' म्हणून सोडू नका. क्लाउडचं पण तसंच, एडब्ल्यूएसचं (अ‍ॅमेझॉनचं क्लाउड) डीफॉल्ट व्हीपीसी (तिथलं तुमचं खासगी नेटवर्क) १७२.३१.०.०/१६ असतं आणि तिथे प्रत्येक सबनेटमधले ५ अ‍ॅड्रेस तेच ठेवून घेतात, /२८ काढला तर हातात ११. पुढेमागे व्हीपीएनने जोडायची वेळ आली आणि दोन्हीकडे तीच रेंज निघाली की नॅटवर नॅट (अ‍ॅड्रेस बदलून पुढे पाठवणं) चढवत बसावं लागतं.

आता पब्लिकचा /२४. तो तुमचा स्वतःचा आहे की आयएसपीने दिलेला, हे तुम्ही लिहिलं नाहीये, आणि बरंच काही त्यावर अवलंबून आहे. आयएसपीचा असेल तर आयएसपी बदलला की अ‍ॅड्रेस पण गेले. स्वतःचा असेल तर जपा, कारण जगभरचे अ‍ॅड्रेस वाटणाऱ्या आयानाचा साठा ३ फेब्रुवारी २०११ ला संपला, आशिया-पॅसिफिकचं वाटप बघणारं एपनिक त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटच्या /८ वर, म्हणजे १०३ ने सुरू होणाऱ्या ब्लॉकवर आलं, तेव्हापासून त्यातून एका मेंबरला जास्तीत जास्त १०२४ मिळायचे आणि २०१९ पासून ती मर्यादा ५१२ वर आली. भारतात अर्ज आयआरआयएनएनकडे (भारताची इंटरनेट अ‍ॅड्रेस रजिस्ट्री) करायचा, ते निक्सीचं (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) काम.

पण अर्ज करण्याआधी तो /२४ कापलाय कसा ते बघा. मी पैज लावते की प्रत्येक प्रोजेक्टला किंवा ग्राहकाला एक एक /२९ दिलाय. /२९ मध्ये आठ, त्यातला एक नेटवर्कचा, एक ब्रॉडकास्टचा, एक गेटवेचा, उरले पाच. ३२ तुकडे गुणिले ५ म्हणजे १६०, २५६ मधले ९६ कुंपणातच गेले. गेटवेला व्हीआरआरपी असेल तर अजून वाईट. त्याऐवजी सर्व्हर प्रायव्हेट अ‍ॅड्रेसवर ठेवा आणि पब्लिक आयपी फायरवॉलवर किंवा लोड बॅलन्सरवर एकेक करून वापरा, तो /२४ नुसता फायरवॉलकडे रूट केला की नेटवर्क-ब्रॉडकास्टची भानगडच नाही, २५६ च्या २५६ वापरता येतात. वेबसाइटला तर प्रत्येकी वेगळा आयपी लागतच नाही, एसएनआयमुळे (जोडताना ब्राउझर साइटचं नाव सांगतो) एका आयपीमागे शंभर साइट आणि शंभर सर्टिफिकेट बसतात. मेल सर्व्हरला मात्र स्वतःचा द्या, आणि तो आयपी आधी कोणाकडे होता ते बघून द्या. स्पॅम पाठवणाऱ्याचा आयपी दुसऱ्या दिवशी नवीन ग्राहकाला दिला तर पहिल्या मेलपासून त्याची मेल अडकणार आणि शिव्या तुम्हाला. पब्लिक अ‍ॅड्रेसला मी महिन्याऐवजी तीन महिने विश्रांती देते, ब्लॅकलिस्ट तपासते, जुनं रिव्हर्स डीएनएस काढते.

आयपीव्ही६ वर (आयपी अ‍ॅड्रेसची नवी, खूप मोठी पद्धत) इथे लिहायला बसले तर रात्र होईल. एवढंच सांगते की तिथे /४८ मिळाला तर त्यात ६५,५३६ सबनेट असतात, प्रत्येक व्हीलॅनला डोळे मिटून /६४ द्यायचा. तिथे मोजायचं ते सबनेट, अ‍ॅड्रेस मोजत बसायचं नाही, आणि आयपीव्ही४ ची कंजुषी तिकडे नेली तर उगाच त्रास होतो.

टूलचं मुद्दाम शेवटी ठेवलं. नेटबॉक्स चांगलं आहे, डिजिटलओशनच्या नेटवर्क टीममधून आलं, २०१६ पासून ओपन सोर्स आहे. पण एक गैरसमज काढून टाका, नेटबॉक्स स्वतः नेटवर्क स्कॅन करून देत नाही. काय असायला हवं ते त्यात लिहायचं असतं, काय आहे ते दुसरीकडून आणून ताडायचं असतं. आत्ताची शीट तशीच त्यात ओतली तर चुकीची माहिती फक्त छान दिसायला लागेल. पीएचपीआयपॅममध्ये (असंच दुसरं टूल) पिंगचा स्कॅन आहे, छोट्या टीमला ते सोपं पडतं, पिंगबद्दल वर जे म्हटलं ते लक्षात ठेवून वापरा. तुमच्याकडे अ‍ॅन्सिबल किंवा टेराफॉर्म (सर्व्हर-नेटवर्कची कामं आपोआप करणारी टूल) लिहिणारं कोणी असेल तर नेटबॉक्स घ्या, कारण त्याच्या एपीआयला (प्रोग्रॅमने बोलायची सोय) 'या प्रीफिक्समधला पुढचा मोकळा दे' म्हटलं की तो देतो आणि त्याच क्षणी नोंद करतो, दोघांनी एकदम मागितला तरी दोघांना वेगळा मिळतो. एक्सेलमध्ये नेमकं हेच होत नाही, दोघं दोन कॉपी उघडून बसतात. लिहिणारं कोणी नसेल तर पीएचपीआयपॅम, आणि तेही झेपत नसेल तर ऑनलाइन एकच शीट, एकच माणूस लिहिणार, बाकीचे वाचणार. मी अशा शीटवर ८०० सर्व्हर चाललेले बघितलेत, आणि महागड्या आयपॅम (आयपी सांभाळायच्या) टूलखाली सावळा गोंधळ पण बघितलाय.

या आठवड्यात फक्त एवढं करा. लीजची यादी काढा, त्यात मॅक दोनदा आलेल्या किती, बॅड अ‍ॅड्रेस किती, आणि हायपरव्हायजरवर नसलेल्या मॅकच्या किती, हे तीन आकडे मोजा. मग लीज आठ तासांवर आणा, आणि दहा दिवसांनी सकाळी १० ला आणि दुपारी ३ ला स्कोप किती टक्के भरलाय ते लिहून ठेवा. दुपारचा आकडा ६०-६५ टक्क्यांच्या खाली आला तर मॅनेजरना सांगा /२२ ची गरज नाही. ८० च्या वरच राहिला तर माझा अंदाज चुकला, मग ३६ मध्ये खरंच कोणी नाही ना ते एआरपीत बघा आणि त्यात नवीन व्हीलॅन काढा. काहीही झालं तरी तीनही आकडे कळवा, विशेषतः बॅड अ‍ॅड्रेसचा, मला तिथेच काहीतरी शंका येतेय.